मुलुंडच्या अकरा बायका आणि एक माईक

मला वाटलं होतं, मुलुंडच्या बायकांना बोलायला शिकवावं लागेल. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी मला माझं नाव सांगायला वीस मिनिटं लागली, कारण कुणी मला मध्ये शिरूच देईना!

मी दोन वर्षं स्कॉटलंडमध्ये शिकत होते. विषय होता बायकांच्या जाहीर भाषणांचा इतिहास. बायका चारचौघांत बोलायला कधी उभ्या राहिल्या, कशावर उभ्या राहिल्या, आणि त्यांना खाली कुणी बसवलं. परत आले ती डोक्यात एकच घेऊन: हे सगळं आपल्या लोकांत न्यायचं. आपले लोक म्हणजे मुलुंड पूर्वेची आमची सात इमारतींची सोसायटी. तिथल्या महिला मंडळात मी दर बुधवारी दुपारी चार वाजता वक्तृत्वाचा वर्ग सुरू केला. अकरा बायका आल्या. आजही अकराच आहेत.

किस्से मात्र वाढत गेले. फ्रीजच्या दारात सॉसच्या पुड्या साठतात ना, तसे. मुद्दाम कुणी जमवत नाही आणि फेकवतही नाहीत. मैत्रिणीला एक सांगायला जावं तर त्याला चिकटून दुसरा बाहेर येतो.

एक गोष्ट आधी सांगते. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला चालली आहे. मंडळाचा तळमजल्यावरचा हॉल तीस वर्षांचा आहे. सकाळी तिथे बालवाडी भरते, दुपारी बायका जमतात, आणि किल्ली मंडळाकडे असते. बिल्डरच्या नव्या नकाशात त्या हॉलच्या जागी ‘मल्टिपर्पज एरिया’ आला होता. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या गच्चीवर, जिमच्या बाजूला, उघडा.

“मल्टिपर्पज म्हणजे कशासाठीच नाही,” पेंडसेबाई म्हणाल्या. त्या मंडळाच्या अध्यक्ष, वय बहात्तर.

नकाशा मंजूर करायची सभा फेब्रुवारीतल्या एका रविवारी होती. त्या सभेत बोलायचा हक्क फक्त सभासदांना. मी अकरा जणींना विचारलं, सभासद कोण कोण? पेंडसेबाईंनी घर मुलाच्या नावावर केलेलं. उज्ज्वलाताई भाडेकरू. बाकीच्यांची घरं नवऱ्यांच्या नावावर, आणि नवरे म्हणत होते, “बघू गं नंतर, आधी कार्पेट एरियाचं होऊ दे.”

एकच हात वर आला. तोही अर्धा.

*

तो अर्धा हात परबकाकूंचा. शैला परब, वय अठ्ठावन्न, मूळच्या मालवणच्या. औषधांच्या कंपनीत पॅकिंगला तीस वर्षं काढली आणि स्वतःच्या कमाईतून स्वतःच्या नावावर फ्लॅट घेतला.

पहिल्याच वर्गात मी सगळ्यांना स्वतःची ओळख करून द्यायला सांगितलं होतं. अट एकच, नवरा आणि मुलं सोडून काहीही सांगायचं. बायका एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. शेवटी पेंडसेबाई म्हणाल्या, “मग मी गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगू का?” त्यात चाळीस मिनिटं गेली.

परबकाकूंची पाळी आली. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मी सोसायटीच्या कमिटीत आहे. महिला राखीव.”

मला केवढा आनंद झाला! “किती वर्षं, काकू?”

“चार.”

“आणि कमिटीत काय करता तुम्ही?”

“सही.”

*

त्यापुढच्या बुधवारी काकू आल्याच नाहीत. चारला पाच मिनिटं कमी असताना एक गृहस्थ वही-पेन घेऊन आले आणि पहिल्या रांगेत बसले. परबकाका!

“शैलाला आज बहिणीकडे जावं लागलं,” ते म्हणाले. “तिच्याऐवजी मी आलो. नोट्स घेतो, घरी सांगतो.”

“काका, हा भाषणाचा वर्ग आहे!”

“हो, म्हणून तर. तिचा बुडायला नको. कमिटीच्या मिटिंगलाही मीच जातो ना.”

बायका पदराआड हसत होत्या. मला हसू येईना, नुसता संताप होत होता. चार वर्षं बायकोच्या खुर्चीवर बसणारा माणूस, आणि वर नोट्स घेतोय! मी म्हटलं, “ठीक आहे. मग त्यांच्याऐवजी बोला. स्वतःबद्दल दोन मिनिटं. बायको आणि मुलं सोडून.”

काका उठले. घसा खाकरला. वही उघडली, मिटली. कपाळावर घाम आला. मिनिटभराने खाली बसले.

“पोरी, मला नाही जमत गं हे,” ते म्हणाले. “कमिटीतसुद्धा मी काही बोलत नाही. नुसता तिच्या खुर्चीवर बसून येतो.”

म्हणजे त्या खुर्चीतून चार वर्षांत दोघांपैकी कुणीच अक्षर काढलेलं नव्हतं!

*

एका बुधवारी मी माझ्या स्लाइड्स दाखवल्या. अंगात आलं होतं माझ्या. “हजारो वर्षं बाईला चौकात बोलायला बंदी होती,” मी सांगत होते. “कुठे देवाच्या नावाने, कुठे कायद्याने, कुठे नुसतं हसून. ज्या बोलल्या त्यांना वेड्या म्हटलं, चेटकिणी म्हटलं...”

“एक मिनिट,” उज्ज्वलाताई म्हणाल्या. उज्ज्वलाताई सोनवणे पालिकेच्या दवाखान्यात सिस्टर आहेत आणि वर्गात मला सगळ्यात जास्त धाक त्यांचाच. “बंदी होती हे कळलं. पण बंदी घालावी लागली म्हणजे त्या बोलत होत्या ना? त्या काय बोलत होत्या ते सांग. ती स्लाइड कुठाय?”

ती स्लाइड नव्हती.

“मग मी सांगते,” त्या म्हणाल्या. “आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर राहायचो. पाण्याचा टँकर चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला तेव्हा माझी आई त्याच्यावर चढली. चौथी शिकलेली. वरून म्हणाली, पाणी आधी वरच्या आळीला, मग खाली. भांडायचं नाही, रांग लावायची. ड्रायव्हरला घाई. तिचा आवाज दाबायला त्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. थांबेचना.”

“मग?”

“मग आई खाली वाकून त्याला म्हणाली, वाजव बाबा. बॅटरी तुझी आहे. माझी काही उतरत नाही.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी लॅपटॉप मिटला. पुढचे तीन वर्ग स्लाइड्सशिवाय झाले, दर वर्गात प्रत्येकीने आपल्या घरातली एक बोलणारी बाई सांगायची म्हणून. तीस बायका निघाल्या. एकीचंही नाव कुठे छापून आलेलं नव्हतं.

*

माईकचं प्रकरण वेगळंच. मंडळाकडे एक जुना माईक आहे. तोवर किलबिलाट करणाऱ्या बायका तो हातात आला की थर्मामीटर दिल्यासारख्या गप्प व्हायच्या. पेंडसेबाई तर तो गॅसच्या लायटरसारखा लांब धरायच्या.

मी दर बुधवारी घरी येऊन आईशी भांडायचे. “तुम्ही बायका घरात एवढ्या बोलता, मग तिथे काय होतं तुम्हाला?”

आई म्हणायची, “तू आधी जेव.”

एक दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या गोखलेवहिनी उठल्या आणि माईक हातात घेऊन बालवाडीबद्दल पाच मिनिटं बोलल्या. न अडखळता! हॉल बंद झाला तर जवळपास बालवाडी नाही, मुलांना हायवे ओलांडून न्यावं लागेल, नोकरीवाल्या आयांनी काय करायचं, सगळं मुद्देसूद. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फक्त मागच्या बायका ओरडत होत्या, “ऐकू येत नाही!”

मी माईक हातात घेऊन बघितला. बंद होता.

“वहिनी, अहो बटण!”

“मीच बंद केलं,” वहिनी म्हणाल्या. “चालू असला की भीती वाटते.”

*

मी त्यांना काय हसते म्हणा. गेल्या वर्षी महिला दिनाच्या अलीकडे अंधेरीच्या एका कंपनीने मला बोलावलं. विषय त्यांनीच दिला: ‘नेतृत्व करणारी स्त्री’. चाळीस मिनिटं दिली होती. मी तीन रात्री जागून तयारी केली.

माझ्याआधी पाच साहेब बोलले. पाचही जणांनी एकच विनोद केला, “घरी बॉस कोण ते आम्हाला माहीत आहे!” पाचही वेळा सभागृह हसलं. माझी पाळी आली तेव्हा केक आत आला होता आणि माझ्याकडे चार मिनिटं उरली होती.

मी चारच मिनिटं बोलले, पण पेटून बोलले. म्हटलं, या मजल्यावर दोनशे बायका काम करतात आणि आज एकीलाही बोलायला उभं केलेलं नाही. पुढची ओळ उच्चारणार, तोच समोरून एचआरचा मुलगा हात हलवायला लागला. मला वाटलं, लागलं कुठेतरी! मी थांबले.

“मॅडम,” तो म्हणाला, “जरा हसून बोला ना. फोटो चाललाय.”

आणि मी हसले हो! तो फोटो अजून त्यांच्या पेजवर आहे. मला बघवत नाही.

*

सभेला दोन आठवडे उरले तेव्हा मी परबकाकूंच्या मागेच लागले. हॉलचा विषय मांडायला दुसरं कुणी नव्हतंच. काकूंचं एकच पालुपद, “गो बाय, माका जमाचा नाय.”

मी त्यांना तीन मिनिटांचं भाषण लिहून दिलं. त्यांनी ते वाचलं आणि विचारलं, “सामुदायिक अवकाश म्हणजे काय?”

“म्हणजे... हॉल.”

त्यांनी पेन्सिलीने खोडून ‘हॉल’ लिहिलं. मग ‘सक्षमीकरणाची प्रक्रिया’ खोडली. मग ‘ऐतिहासिक जबाबदारी’. कागद हलका होत गेला.

सराव त्या स्वयंपाक करताना करायच्या, कारण मोकळा वेळ तेवढाच. घड्याळ लावत नसत. कुकरच्या तीन शिट्ट्यांत भाषण संपलं पाहिजे असा हिशोब. पहिल्या शिट्टीला बालवाडी, दुसरीला मंडळ, तिसरीला मागणी. रोज संध्याकाळी मी फोन करायचे, “आज कुठवर?” त्या म्हणायच्या, “दुसऱ्या शिट्टीला अडकले.”

शनिवारी, सभेच्या आदल्या दिवशी, फोन काकांनी घेतला. मी विचारलं, “कसं झालं आज?”

“भाषण पूर्ण झालं,” काका म्हणाले. “भात करपला.”

*

रविवारी सकाळी साडेदहाला कंपाउंडमध्ये सभा भरली. पुढे टेबलामागे चेअरमन, सेक्रेटरी दातार, बिल्डरचा माणूस, आणि कडेच्या खुर्चीत, चार वर्षांत प्रथमच, स्वतः परबकाकू. काका मागे माझ्याजवळ उभे. बाकीच्या दहा जणी आणि मी चहाच्या टेबलापाशी. आम्हाला बोलायला मनाई, चहा द्यायला नाही.

दातारांनी विषय वाचायला सुरुवात केली. कार्पेट एरियावर एक तास गेला, पार्किंगवर पाऊण. मग ते एका श्वासात म्हणाले, “विषय सहा, कॉमन सुविधा नकाशाप्रमाणे, कुणाची हरकत नसावी, मंजूर, विषय सात.”

मी काकूंकडे बघितलं. दोन्ही हात मांडीवर. एकही वर गेला नाही.

“काकू!” मी मागून जवळजवळ किंचाळले. उज्ज्वलाताईंनी माझा दंड धरला. विषय सातही मंजूर झाला. तीस वर्षांचा हॉल एका स्वल्पविरामात गेला होता.

“शेवटी,” दातार म्हणाले, “सौ. परब आभार मानतील.” दर सभेला शेवटी आभार मानायला महिला सभासद लागते. इतकी वर्षं काका आले की ते काम दातारच उरकत. आज खरी महिला होती. त्यांनी काकूंच्या हातात एक चिठ्ठी दिली.

काकू माईकपाशी गेल्या. चिठ्ठी बघितली. “सभेचे अध्यक्ष,” एवढं म्हणाल्या आणि थांबल्या.

सगळे थांबले. मागे वड्यांचा वास सुटला होता. एक मिनिट गेलं. दोन गेली. काही जण अर्धवट उठले होते, ते पुन्हा बसले. आमच्याकडे आभार झाल्याशिवाय कुणी उठत नाही. का, ते कुणालाच माहीत नाही, पण नाही उठत.

“वहिनी, आभार,” दातार कुजबुजले. माईक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

काकूंनी चिठ्ठी उलटून बघितली.

“घाबरली,” माझ्या बाजूला काका पुटपुटले. त्यांच्या कपाळावर पुन्हा तोच घाम.

पाचव्या मिनिटाला पहिल्या रांगेतले नेनेआजोबा म्हणाले, “अहो परबबाई, माना की आभार! म्हणजे आम्ही सुटू.”

काकूंनी त्यांच्याकडे वळून विचारलं, “कशाबद्दल?”

“म्हणजे?”

“आभार. कशाबद्दल मानू?”

चेअरमन हसत पुढे झाले. “वहिनी, बिल्डरसाहेबांनी एवढ्या सुविधा दिल्यात. जिम, गार्डन, मल्टिपर्पज एरिया...”

“त्याला भिंती किती?”

बिल्डरचा माणूस म्हणाला, “मॅडम, ओपन कन्सेप्ट आहे.”

“हो. पण भिंती किती?”

त्याने नकाशा उघडला. बोटाने मोजलं. पुन्हा मोजलं. “एक. आणि जिमच्या बाजूने अर्धी.”

“मग दीड भिंतीचे मानू का?”

हशा पिकला. काकू हसल्या नाहीत. चिठ्ठी हातात धरून नुसत्या उभ्या. चेअरमन म्हणाले, विषय संपलाय. काकू उभ्या. दातार म्हणाले, नकाशा बदलायला वेळ लागेल. काकू उभ्या. कुणीतरी म्हणालं, पुढच्या सभेत घेऊ. उज्ज्वलाताई मागून मोठ्याने म्हणाल्या, “ही तर संपू दे आधी!” मनाई असूनही त्यांना कुणी गप्प केलं नाही.

एक वाजायला आला. नेनेआजोबा काठी आपटत उठले. “अहो, द्या त्यांना चार भिंती! मला जेवून गोळी घ्यायची आहे. मी मांडतो ठराव. अनुमोदन कोण?”

अनुमोदनाला गोखलेवहिनींच्या मिस्टरांचा हात वर गेला. मग आणखी. मग इतके, की दातारांना दोनदा मोजावे लागले. चार भिंती, एक दार, किल्ली मंडळाकडे. बिल्डरच्या माणसाने नकाशावर पेनाने चौकोन काढला आणि सही केली.

काकू माईकमध्ये म्हणाल्या, “सर्वांचे आभार.” आणि जाऊन बसल्या.

कंपाउंड एका क्षणात वड्यांकडे धावलं. मी धावले काकूंकडे. माझ्या भाषणाचा कागद त्यांच्या ब्लाउजमध्ये घडी करून तसाच होता, उघडलाच नव्हता.

“काकू, हे ठरवून केलंत? की खरंच घाबरलात?”

काकूंनी माझ्या हातात बशी दिली. “चटणी घे,” त्या म्हणाल्या. “संपत आली.”

टेबल आवरताना दातारांचं रजिस्टर उघडं दिसलं. आजच्याच सभेचं इतिवृत्त होतं, सुबक अक्षरात, सभेच्या आधीच लिहून ठेवलेलं. विषय सहा: एकमताने मंजूर. त्याखाली, शेवटी सौ. परब यांनी आभार मानले व सभा खेळीमेळीच्या वातावरणात संपली. फक्त वेळेची जागा कोरी.

मला झोप लागली नाही. सोमवारी सकाळी नऊला सोसायटीच्या ऑफिसचं दार उघडलं तेव्हा मी पायरीवरच होते. दातार म्हणाले, “काय गं, एवढ्या सकाळी?”

“रजिस्टर द्या. यापुढे इतिवृत्त मी लिहिणार. कालचंसुद्धा. आणि सभा झाल्यावर.”

“अगं, पण तू मेंबर नाहीस.”

“लिहायला मेंबर लागतो असं कुठे लिहिलंय ते दाखवा,” म्हटलं, आणि समोरची खुर्ची ओढून बसले.